अर्धा भरलेला हात

बांगड्या भरणाऱ्या बाईचा उजवा हात लोकांना दिसतो. बांगडी तोच चढवतो, म्हणून कौतुकही त्याचंच होतं. खरं काम मात्र डाव्या हाताचं असतं. समोरच्या बाईचा पंजा त्यानं धरायचा, अंगठ्याची मुळी आत दाबायची, बोटांची हाडं एकमेकांवर सरकवायची आणि तिला कळायच्या आत हात इतका मऊ करायचा की काच न टोचता मनगटावर गेली पाहिजे. हे करताना तोंडानं सासर-माहेरच्या गप्पा चालू ठेवायच्या. बाई बोलायला लागली की हात आपोआप सैल सोडते. माझा डावा हात या कामात नावाजलेला होता. लोहारा-उमरग्याकडच्या बाजारात बायका एकमेकींना सांगायच्या, "कासारमावशीकडं बस, टोचत न्हाय."

तो हात आता मांडीवर ठेवला तर मांडीवरच राहतो. बोटं मिटतात, पण पुन्हा उघडायची तर उजव्या हातानं एकेक करून उघडावी लागतात. हे लिहिताना कागद उडू नये म्हणून मी तो उचलून कागदावर ठेवलाय. वजन म्हणून तेवढा उपयोगी आहे अजून.

लिहायचा आग्रह आमच्या उपकेंद्रातल्या शीतल सिस्टरचा. "मावशी, बाजारात बायकांशी बोलायचात तसंच लिहा," म्हणाल्या. मी दहावीपर्यंत शिकलेय, लिहिता येतं. पण बाजारात मी कधी कुणाला माझं दुखणं सांगितलं नाही. तेच तर झालं.

*

मला बीपी आहे हे कळलं ते बांगड्या भरतानाच.

शीतल सिस्टरला तेव्हा सातवा महिना होता. गावातल्या बायकांनी उपकेंद्रातच त्यांचं छोटंसं डोहाळजेवण केलं आणि बांगड्या भरायला मला बोलावलं. सिस्टरचा हात सारखा धुऊन धुऊन रखरखीत झालेला. मी तो चांगला आवळला, हिरव्या बांगड्या भरल्या. रीतीप्रमाणे त्यांनी वाकून मला नमस्कार केला आणि मग माझ्यासमोर तशाच बसून म्हणाल्या, "आता तुमचा हात द्या."

"मला वो कोण बांगड्या भरणार?" मी हसले. त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, आकडा बघितला. परत फुगवला. दुसऱ्या दंडाला बांधला. बायकांचं गाणं चाललं होतं, त्यात सिस्टरचं हसू गेलेलं फक्त मला दिसलं.

"मावशी, डोकं दुखतं का तुमचं?"

"बाजारात बसणाऱ्या कुणाचं दुखत न्हाय, सिस्टर?"

त्यांनी मला आतल्या खोलीत बसवलं, गप्प बसायला सांगितलं. माझ्यासारखीला तेच अवघड. थोड्या वेळानं पुन्हा मोजलं. वरचा आकडा दोनशेला टेकत होता. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात डॉक्टरबाईंनी तपासलं, रक्त-लघवी घेतली आणि दोन गोळ्या लिहून दिल्या. "रोज सकाळी घ्यायच्या. बरं वाटलं तरी घ्यायच्या. आयुष्यभर." पुढंही त्या बरंच काही समजावून सांगत होत्या. गोळ्यांनी काय होईल तेही त्यात असणार. पण माझे कान 'आयुष्यभर' या शब्दापाशीच अडकून बसले.

बाहेर टेम्पोत आमचे हे वाट बघत होते. आमचा धंदा दोघांचा. ते टेम्पोतून माल विकत गल्लोगल्ली फिरणार, मी बाजारात पाल टाकून बसणार.

"काय म्हनल्या डॉक्टरबाई?"

"काय न्हाय. वयाचं हाय म्हनल्या."

तोंडानं असं म्हणाले, पण मी घाबरले होते. माझ्या सासूच्या, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, अंगावरून वारं गेलं होतं. त्या अंथरुणावर होत्या तोवर घास भरवणं, कूस बदलणं सगळं मीच केलं. ते काय असतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. सारिका, माझी लेक, तेव्हा कॉलेजात होती. कासाराच्या घरात लेकीचा लग्नाचा चुडा आईनं भरायचा, बाहेरच्या कासारणीला बोलवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. देवीच्या फोटोपुढं उभी राहून मी म्हटलं, बाकी काही दे नको देऊ, सारिकाचा चुडा भरेपर्यंत माझे हात शाबूत ठेव. आणि गोळी चुकवायची नाही असं ठरवलं.

*

आता जे लिहायचं ते लिहायला लाज वाटते. पण ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहून उपयोग नाही.

बाजारात बसणाऱ्या बाईनं पाणी प्यायचं नसतं. हे मला आत्याबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच बाजारात शिकवलं. "चूळ भरायची अन् थुकायची. घशाखाली उतरू द्यायचं न्हाय." कारण बाजारात बाईनं जायचं कुठं? पुरुष भिंतीकडं तोंड करतात नि मोकळे होतात. बाईला आडोसा पाहिजे, सोबत पाहिजे आणि तेवढा वेळ काचेच्या मालावर लक्ष ठेवणारं कुणीतरी पाहिजे. तिन्ही एकदम मिळाल्याचं मला आठवत नाही. म्हणून आम्ही सगळ्याजणी कोरड्या घशानं बसायचो आणि दिवस मावळताना घरी जाऊन घटाघटा प्यायचो. आम्हाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

त्या दोन गोळ्यांतल्या एकीनं लघवी व्हायची. कोणत्या, ते मला ठाऊक नव्हतं. सकाळी गोळ्या घेऊन पालावर बसलं की ऊन चढेपर्यंत जीव मेटाकुटीला यायचा. समोर बाई हात पुढं करून बसलेली आणि माझं लक्ष भलतीकडंच. येरमाळ्याला येडाईच्या यात्रेत तर मी पायावर पाय दाबून दिवस काढला. रात्री ओटीपोट इतकं दुखलं की झोप नाही.

तरीही मी गोळ्या चालू ठेवल्या होत्या. त्या बंद झाल्या सास्तूरच्या लग्नघरात.

मोठं शेतकऱ्याचं घर, अंगण बायकांनी भरलेलं. सगळ्यांच्या बांगड्या झाल्यावर शेवटी नवरी बसली. आमच्यात नवरीचा हात अर्धा सोडून उठायचं नसतं. एकदा पहिली बांगडी चढवली की दोन्ही हात भरेपर्यंत कासारीण जागची हलत नाही, पाणीसुद्धा मागत नाही. अर्धा चुडा म्हणजे संसार अर्धा, अशी समजूत. मी आयुष्यभर ती पाळली. त्या दिवशी मात्र नवरीचा एक हात झाला, दुसऱ्यात काही बांगड्या गेल्या, आणि मला कळलं की आता उठले नाही तर इथंच, सगळ्यांदेखत फजिती होणार. मी उठले.

"अगं, नवरीचा हात अर्धा सोडून कुठं निघालीस?" नवरीची आजी मोठ्यानं म्हणाली. "अपशकुन करायलीस का काय?"

अंगणातल्या गप्पा थांबल्या. मी परत येऊन चुडा पुरा केला. त्यांनी रीतीचा नारळ, खण सगळं दिलं, वाईट कुणी बोललं नाही. पण निघताना बघितलं, नवरीची आई लेकीच्या बांगड्या एकेक करून तपासत होती, कुठं तडा गेलाय का. त्या भावकीतल्या पुढच्या लग्नाला दुसरी कासारीण आली.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाच्या दिवशी गोळ्या घ्यायचं सोडलं. कोणती गोळी त्रास देते ते माहीत नव्हतं, म्हणून दोन्ही सोडल्या. घरी असले की घ्यायची. पण लग्नसराईत, सणासुदीत कासारीण घरी असते कधी? तपासणीची तारीख जवळ आली की आधी चार दिवस बाजार बुडवायचे, गोळ्या घ्यायच्या आणि मग उपकेंद्रात जायचं. आकडा बरा यायचा.

"बघा, मावशींकडून शिका जरा," शीतल सिस्टर बाकावरच्या इतर बायकांना म्हणायच्या. मीही मान ताठ करून बसायची. घरी हे रोज विचारायचे, "गोळी घेतलीस का?" मी म्हणायची, "घेतली की." त्यांना शंका आली असती तरी त्यांनी काय केलं असतं? नवऱ्यापाशी लघवीचं बोलायचं, ही आमच्याकडं पद्धतच नव्हती. घरात त्याला शब्दसुद्धा नव्हता, 'जाऊन येते' एवढंच.

एवढं मात्र मनापासून सांगते, मला धोका कळत नव्हता असं नाही. आत्याबाई डोळ्यांपुढं होत्या. पण वारं जाणं ही कधीतरी, कुणाला तरी व्हायची गोष्ट होती, आणि अंगणातल्या बायका आत्ता, समोर बसलेल्या होत्या.

*

सारिकाचं लग्न ठरलं. तुळशीची लग्नं झाल्यावरची तारीख निघाली. मी तिच्यासाठी बांगड्या निवडून बाजूला काढून ठेवल्या. गर्द हिरव्या, बारीक सोनेरी काठाच्या, एकही बुडबुडा नसलेल्या. वेगळ्या फडक्यात बांधून कपाटात ठेवल्या होत्या. अधूनमधून उगीच काढून बघायची.

नवरात्राच्या आधीचा उमरग्याचा बाजार. दुपार कलली होती. कडेवर लेकरू घेतलेली एक पोरसवदा बाई बसली. एका हातातल्या बांगड्या निम्म्या गेल्या आणि पुढची वाढली. आम्ही बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. दुसरी घेतली, तीही वाढली.

"माल कच्चा आलाय बाई," मी म्हटलं.

"मावशी, तुमी दाबतच न्हाईत की," ती म्हणाली.

मी खाली बघितलं. माझा डावा हात तिच्या पंजाभोवती होता, पण नुसता पडलेला. मी त्याला मनातल्या मनात म्हटलं, दाब. तो माझाच हात होता आणि त्यानं ऐकलं नाही.

शेजारच्या पालावर द्वारका बसायची. माझ्याहून बरीच लहान, पण याच धंद्यातली. मला अक्का म्हणते. ती माझ्याकडं टक लावून बघायला लागली. "अक्का, तोंड का वाकडं करायलाव?"

"ऊन लागलंय." हे मी म्हटलं, पण मला ऐकू आलं ते भलतंच, जड, जीभ चावून बोलल्यासारखं. द्वारकेनं हातातला माल टाकला आणि मागच्या गल्लीत टेम्पो घेऊन फिरणाऱ्या ह्यांना हाका मारत सुटली.

आणि मी काय करत होते? मी त्या पोरीचा हात भरत होते. तिचा हात अर्धा होता. ती रडकुंडीला आली, "राहू द्या मावशी, मला नगं," म्हणत होती. मी मान हलवत होते. मग तिनंच आपल्या दुसऱ्या हातानं आपला पंजा आवळून धरला आणि मी उजव्या हातानं बांगड्या चढवत राहिले. एक हात पुरा झाला, मग दुसरा. ती नवरी नव्हती. तो चुडा नव्हता. तरीही मला सास्तूरच्या अंगणात बसल्यासारखं वाटत होतं आणि उठायचं नव्हतं.

हे तोवर येऊन पोचले होते. टेम्पोचं दार उघडं टाकून माझ्या पालासमोर उभे होते. द्वारका त्यांना ओरडत होती, "दाजी, उचला की त्यांना!" आणि ते उभेच राहिले. तेही कासाराच्याच पोटचे. हात पुरा होऊ द्यावा असंच त्यांनाही वाटलं.

आम्ही दोघांनी मिळून तो हात पुरा केला, असं आता मी म्हणते. ते ऐकलं की हे उठून बाहेर जातात.

*

उमरग्याच्या दवाखान्यात हातपाय उचलायला सांगितले आणि लगेच सोलापूरला पाठवलं. मेंदूतली रक्ताची वाट बंद झाली होती. वेळेत पोचणाऱ्याला एक इंजेक्शन देता येतं, ते द्यायची वेळ माझ्या बाबतीत निघून गेली होती. त्यातला किती वेळ रस्त्यात गेला, किती गाडी मिळण्यात आणि किती त्या बांगड्यांत, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "असं सांगता येत नाही." बरंच झालं. ते सांगता आलं असतं तर मला जगणं अवघड झालं असतं.

सलाईन लावायला सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, हातातल्या बांगड्या काढाव्या लागतील. आमच्या ह्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या सिस्टर कात्रीसारखं काहीतरी घेऊन आल्या, तेव्हा हे मध्ये आले. "फोडू नगा. म्या काढतो." कुठून तरी साबण आणला आणि माझे दोन्ही हात मांडीवर घेऊन एकेक बांगडी उतरवली. एकही वाढू दिली नाही. त्या सगळ्या त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवल्या. दिवसभर ते वॉर्डात फिरले की खिसा वाजायचा, आणि डोळे मिटलेले असले तरी मला कळायचं की हे आलेत. त्या दिवसांत मला धीर देणारं दुसरं काही आठवत नाही.

दवाखान्यातला दिवस सगळा दुसऱ्यांच्या हातात असतो. पहाटे रक्त घ्यायचे, मग पट्टा, मग अंग पुसणं, मग नळीतून पातळ खाणं, मग व्यायामवाली मुलगी यायची आणि माझा डावा हात उचलून म्हणायची, "हा कुणाचा हात आहे?" मला राग यायचा. एवढ्या हातांची मापं मी नुसतं बघून सांगत आले आणि आता माझाच हात ओळखायची परीक्षा.

दोन-तीन दिवसांनी जीभ जरा सुटल्यावर डॉक्टर आले. तरुण होते, सारिकाहून थोडे मोठे. ह्यांना विचारलं, "बीपीच्या गोळ्या चालू होत्या ना?"

"व्हय. रोज घेती. म्या सोता इचारतो," हे ठामपणे म्हणाले.

मी म्हटलं, "न्हाय."

ह्यांना वाटलं, मला प्रश्न समजला नाही. "अगं, गोळीचं इचारायलेत."

"न्हाय घेतल्या."

डॉक्टरांनी का म्हणून विचारलं. मी भिंतीकडं बघत सांगायचा प्रयत्न केला. तो शब्द धड बाहेर यायला मला पुन्हा पुन्हा म्हणावा लागला, तोही तरुण पोरापुढं, नवऱ्यापुढं, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या अख्ख्या गोतावळ्यापुढं. "लघवी. बाजारात. कुठं जायाचं?"

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. स्टूल ओढून जवळ बसले आणि म्हणाले, "आई, मग तेवढं सांगायचं होतं. ती एक गोळी बदलता आली असती. तसा त्रास न होणाऱ्या गोळ्या मिळतात."

हे वॉर्डातून निघून गेले. परत आले ते चहा घेऊन. मला अजून गिळायची परवानगी नव्हती, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. कप हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले आणि शेवटी थंडगार झालेला चहा स्वतःच पिऊन टाकला. त्यानंतर ते माझ्याशी बोलेनात. सगळं करायचे, पण बोलायचे सारिकाशी. "तुझ्या आईला इचार, कूस बदलायची का."

सारिकाचे होणारे सासू-सासरे बघायला आले. फळं ठेवली, हळहळले, आणि जाताना सासूबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे घराण्यात हाय का तुमच्या?" सारिका म्हणाली, "व्हय, हाय. म्यापण माझं बीपी बघून घेतलंय. तुमीपण घ्या आल्यासारखं, खालीच मोजतात." ती बाई खरंच मोजून आली. लग्न मोडलं नाही. लेकीची जीभ माझ्यावर गेलीय, याचा मला पहिल्यांदाच आनंद झाला.

एके संध्याकाळी सारिका जेवायला गेली होती. ह्यांनी माझ्या केसांना तेल लावायला घेतलं. जन्मात कधी बाईचे केस विंचरले नव्हते, नुसता गुंता केला. पाठीमागून, मला तोंड दिसणार नाही असे बसून म्हणाले, "माझी लाज वाटली का तुला? म्या काय परका हाव?"

"तुमची न्हाय वाटली," मी म्हटलं. "सगळ्याचीच वाटली."

"म्यापण उचललं न्हाय तुला. उभाच ऱ्हायलो."

आम्ही दोघंही रडलो. केसांचा गुंता सारिकानं आल्यावर सोडवला.

*

घरी आल्यावर काठी धरून पहिल्यांदा आरोग्य केंद्रात गेले तेव्हा डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. बाजाराचं, पाण्याचं, चार दिवस आधी गोळ्या घेऊन येण्याचं. त्यांनी ऐकून घेतलं, सोलापूरचे कागद बघितले आणि नव्या कागदावर लघवीच्या गोळीऐवजी दुसरी लिहिली. लिहायला असा किती वेळ लागतो? मी काठी नीट धरायच्या आत लिहून झालंसुद्धा. एवढंच होतं ते. या एवढ्याशा गोष्टीसाठी माझा डावा हात गेला, हा विचार माझ्या मनातून जात नाही. जाईल असंही वाटत नाही.

शीतल सिस्टर लेकराला घेऊन भेटायला आल्या. "मीच विचारायला पाहिजे होतं," म्हणाल्या. मी म्हटलं, "तुमी काय इचारणार? म्या तर शाबासकी घिऊन जायची." पण आता त्या विचारतात. गोळी देताना बाईला बाजूला घेऊन विचारतात, दिवसभर कुठं असता, जायला जागा असते का, कोणत्या दिवशी गोळी नको वाटते. मला बाकावर बसवून बोलायला लावतात. बायका आधी खाली बघतात, मग एखादी हळूच म्हणते, "माझंबी तसंच हाय, मावशी." शेतात खुरपायला जाणाऱ्या, मजुरीच्या जीपमधून जाणाऱ्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या. मी त्यांना एवढंच सांगते, गोळी नकोशी झाली तर का ते सांग, शब्द कसलाही असो. आपल्या मनानं बंद करू नको. आणि पाणी पी.

माझा आकडा आता बरा असतो, आणि तो खरा असतो. पायात जोर आलाय. बोलणं जवळपास पहिल्यासारखं झालंय, हे दुर्दैव आमच्या ह्यांचं. हाताबद्दल व्यायामवाली मुलगी म्हणाली होती की पहिल्या काही महिन्यांत जे येईल ते येईल. मिटणं आलं. उघडणं आलं नाही.

*

लग्न ठरलेल्या तारखेलाच झालं. कासाराच्या घरात बाहेरची कासारीण आली.

बाहेरची म्हणजे द्वारका. मीच तिला बोलावलं. सारिका आदल्या दिवसापर्यंत म्हणत होती, "आई, म्या माझा हात दाबून धरते, तू नुसत्या चढव. त्या बाईनं न्हाई का धरला?" मी नाही म्हटलं. एकदा तसं केलं होतं, पुरे झालं. मला लेकीचा चुडा नीट भरलेला बघायचा होता.

कपाटातलं फडकं मी द्वारकेच्या हातात दिलं आणि शेजारी पाटावर बसले. मला बघायचं नव्हतं आणि नजरही काढता येत नव्हती. द्वारका छान भरते. जरा घाई करते, पण हात मऊ आहे. सारिकाचा एक हात झाला. सगळ्या बायका गाणी म्हणत होत्या. दुसऱ्या हातात निम्म्या बांगड्या गेल्या असतील, तेव्हा मला दिसलं की द्वारकेनं बसणं बदललं. मग परत बदललं. थंडीचे दिवस असून कपाळावर घाम होता. सकाळी आल्यापासून तिच्यापुढं ठेवलेला पाण्याचा तांब्या भरलेलाच होता.

मी तिच्याकडं वाकले. "द्वारके, जाऊन ये."

तिनं दचकून माझ्याकडं बघितलं. "अक्का, हात अर्धा हाय की."

"असू दे अर्धा. ऊठ."

"नवरीचा हाय अक्का. तुमच्या सारिकाचा हाय."

"म्हणूनच सांगायले. ऊठ."

गाणं थांबलं. कुणीतरी बाई मागं पुटपुटली. सारिकाच्या सासूबाई माझ्याकडं बघत होत्या. मी मोठ्यानं म्हटलं, "न्हाणीघर मागच्या बाजूला हाय. तिला वाट द्या जरा." बायका सरकल्या. द्वारका उठली आणि अक्षरशः पळत गेली.

सारिकाचा हात तसाच हवेत होता. मी उजव्या हातानं माझा डावा हात उचलून तिच्यापुढं केला. तिनं आपला पंजा त्यात ठेवला. मी तिच्या लहानपणापासून किती बांगड्या भरल्या असतील तिला, पण तिचा हात एवढा गरम असतो हे मला आठवत नव्हतं. माझी बोटं तिच्या पंजाभोवती मिटली. बायकांनी गाणं पुन्हा उचललं.

द्वारका परत आली. आधी उभ्यानंच तांब्यातलं पाणी प्यायली, सगळं. मग समोर बसली, सारिकाचा हात घ्यायला गेली, तर तो सुटेना. मी सोडायचा प्रयत्न करत होते. सारिका "नको सोडू" म्हणत होती. द्वारकेनं पदरानं तोंड पुसलं आणि माझं एकेक बोट उघडून सारिकाचा हात माझ्या हातातून काढून घेतला.